अकरा झाडांचा मुद्देमाल

सांगोल्याच्या अलीकडे, बोअरच्या लॉरीखाली
१ मे २००३

प्रिय राही,

मागच्या पत्रात तू लिहिलंस की काही सांगायचं असेल तरच लिही, नाहीतर ती पोस्टकार्डं बंद कर. म्हणून हे पोस्टकार्ड नाही. लॉरीच्या वहीतली कोरी पानं मागून घेतलीत आणि प्रत्येक पानावर कोपऱ्यात नंबर घातलाय. नंबर कशाला ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर पुढचं लिहायला मला निमित्त उरणार नाही, आणि तुला माहीत आहे, मला निमित्त लागतंच.

आधी बेत. मी रत्नागिरीला येतोय. शनिवारी, दहा तारखेला. फार नाही, दोन दिवस, सोमवारी सकाळी परत. कोल्हापूरहून सहाची एसटी मिळाली तर आंबा घाट उतरून मी अकरापर्यंत रत्नागिरीच्या स्टँडात असेन. तू सावर्ड्याहून साडेसातची धर. म्हणजे तू आधी पोचशील, थोडं थांबावं लागेल. उसाच्या रसाची गाडी जिथे उभी असते तिथे थांब, सावली असते. ती गाडी अजून आहे की नाही कोण जाणे. तिच्या घुंगरांचा आवाज मात्र माझ्या कानात आहे, कुठल्याही गावात रसवंती दिसली की मी उगाच उभा राहतो, रस पीत नाही, नुसता आवाज ऐकतो. असो. तिथून आपण रिक्षाने कातळावरच्या बागेत जायचं, मग मांडवीला आमच्या घरी. तुला त्या घराची पायरी चढायची नसेल हे मला कळतं. तरी चढावी लागेल. संध्याकाळी पाचच्या एसटीने तू परत जा. मी घरी राहणार नाही, स्टँडसमोर एखादी खाट मिळेल. रविवारी मी सावर्ड्याला येईन, काकांना, तुझ्या बाबांना भेटायला. बेत एवढाच.

मी सध्या बोअरच्या लॉरीवर आहे. लॉरी तमिळनाडूची, माणसं तिकडचीच, मराठी मी एकटा. गेल्या वर्षी इकडे पाऊसच झाला नाही, त्यामुळे आज या गावात, उद्या त्या, रोज दोन भोकं. माझं काम यंत्राचं नाही. तीनशे फूट खाली गेलं आणि नुसती पांढरी भुकटी उडत राहिली की मुरुगेसन यंत्र बंद करतो आणि माझ्याकडे बघतो. मग मी पुढे होऊन गावाला सांगायचं, पाणी नाही. सगळी माणसं भोवती उभी असतात, बायका घागरी घेऊनच आलेल्या. परवा एका आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं, ह्ये कोकणातलं पोरगं दिसतंय. नाही म्हणतंय ते बी गाणं म्हटल्यागत." सगळे हसले. मीपण हसलो. मग यंत्राच्या मागे जाऊन बसलो तो जेवायला उठलोच नाही. बघ ना राही, नको ती गोष्ट लोकांना तोंडावर सांगायची म्हणून मला दोन वेळ जेवायला घालतात, आणि एक गोष्ट मला आठ वर्षं सांगता आली नाही.

तुझं पत्र एजंटच्या पत्त्यावर आलं आणि तिथून लॉरीच्या मागे तीन गावं फिरलं. माझ्यासारखंच. काकांची उजवी बाजू गेली, जीभही गेली, हे मी यंत्राच्या आवाजात वाचलं. वाचून झाल्यावरही यंत्र चालूच होतं. तू लिहिलंस, बाबा दिवसभर ओटीवर बसतात आणि दारातल्या दोन खुंटांकडे बघतात. आणि खाली एका ओळीत लिहिलंस, असुर्ड्याचे पाहुणे आले होते, पोहे खाऊन गेले, रत्नागिरीत कुणाकडे तरी चौकशी केली आणि परत फिरकले नाहीत. त्याच्यापुढे लगेच बालवाडीतल्या पोरांचं काहीतरी. तू अशीच लिहितेस. जखम दाखवतेस आणि लगेच पदर ओढून घेतेस.

त्याच आठवड्यात आईचं कार्ड आलं. आई कार्डावर सगळं एका दमात लिहिते. आप्पांचा गुडघा बरा आहे, मांडवीला बंधाऱ्यापर्यंत फिरायला जातात, मांजरीला चार पिल्लं झाली, एक पांढरं आहे, कातळावरच्या त्या अकरा झाडांना यंदा फळ धरलं, बागायतदार रावजींनी कापून चाखलं, निव्वळ चिंच, आप्पा म्हणाले आता बास, पंधरा तारखेला लाकूडतोडे येतील, तू जेवतोस ना वेळेवर. मी ते कार्ड उलटंसुलटं करून पुन्हा वाचलं. पंधरा तारीख. आज एक. म्हणून हा बेत.

ती अकरा झाडं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तरी पहिल्यापासून लिहितो, कारण हे पत्र कदाचित तू एकटीच वाचणार नाहीस. आप्पा, माझे वडील, कोर्टात बत्तीस वर्षं कारकून होते. रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात बाग शिरली. जमीन म्हणजे नुसता कातळ. सुरुंग लावून चाळीस खड्डे फोडले, खालून माती डोक्यावरून वाहिली, आणि चौऱ्याण्णवच्या पावसात चाळीस हापूसची कलमं लावली. आप्पांना आंबा खाण्यापलीकडे काही कळत नव्हतं, आणि गुडघ्यामुळे कातळ चढवत नव्हता. कळत होतं ते भागोजींना. मी घरात त्यांना भागोजी म्हणायचो आणि बागेत काका. घरात काका म्हटलं असतं तर आप्पांनी भुवई वर केली असती. ते बाग राखायला तिथल्याच खोपीत राहायचे आणि तू हायस्कूलसाठी त्यांच्याकडे आली होतीस, आठवीत. कातळ तापलेला असायचा आणि तू चपला हातात घेऊन चालायचीस, झिजतील म्हणून. मी म्हणायचो, पाय झिजतील त्याचं काय? तू म्हणायचीस, पाय फुकट मिळालेत.

तूच मला पानाचा वास शिकवलास. डोळे मिट म्हणायचीस, पान चुरडून नाकाशी धरायचीस, आणि मी ओळखायचं, हापूस की गावठी रायवळ. मी कायम चुकायचो. तू म्हणायचीस, "काय हे शारदू! खोताच्या घरात जन्मलास आणि नाक कोळशाचं." आमचं घर खोताचं नव्हतंच, पण तुला भांडायला बरं वाटायचं. एकदा मी म्हटलं, पान नाही ओळखलं, पण बोटं ओळखली. त्यानंतर चार दिवस तू बागेच्या त्या बाजूला आली नाहीस. पाचव्या दिवशी आलीस आणि पुन्हा पान धरलंस. हे मला लिहायचं नव्हतं. पण आलंय तर राहू दे. पान नंबर तीन.

पंच्याण्णवचा जुलै. रावजी शेजारची बाग बघायला आले आणि आमच्यात डोकावले. दगडी गडग्याच्या कडेची झाडं बघून थांबले, एक पान चुरडलं, दुसऱ्याचं चुरडलं, अकरा झाडांची पानं चुरडली आणि थेट घरी आले. मग काकांना बोलावणं गेलं. आप्पा झोपाळ्यावर, रावजी खुर्चीत, काका पायरीखाली, पावसात. आप्पांचा आवाज मला अजून ऐकू येतो, ते ओरडत नसत, कोर्टात वाचून दाखवतात तसं बोलत. "भागोजी, चाळीस हापूस मी पावतीवर आणले. त्यातली अकरा रायवळ झाली. झाडं जात बदलतात काय रे?" मग रावजींनी सांगितलं की सावर्ड्याकडे गेलो होतो तेव्हा ह्याच्या दारात हापूसची दोन कलमं बघितली, चांगली कमरेएवढी. तेव्हा काका बोलले. "आप्पा, ती मी बांधलेली हायत. तुमच्या छाटलेल्या काड्यांची. तुमची कलमा मी नाय नेली." आप्पा म्हणाले, "मग कोणी नेली? वाऱ्याने?"

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली बघितलं आणि घोंगडीची खोळ डोक्यावर ओढून घेतली.

आप्पा पोलिसात जाणार होते, आईने अडवलं. पण ती झाडं त्यांनी उपटू दिली नाहीत. म्हणाले, "मुद्देमाल आहे तो. राहू दे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे." आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या झाडांना मुद्देमालच म्हणतात. मुद्देमालाला पाणी घातलं का, मुद्देमालाला वाळवी लागलीय. दुसऱ्या दिवशी तू खोपीत दप्तर भरत होतीस. नववीचे दोन महिने झाले होते नुसते. तू मला विचारलंस, तुला काही ठाऊक आहे का. मी म्हटलं, मला काय ठाऊक असणार. तू बरं म्हणालीस. तू मान खाली घालून कंपासपेटीचं झाकण लावत होतीस आणि ते लागत नव्हतं.

आणि काकांनी घरी गेल्यावर पहिल्या दिवशी काय केलं ते तू मला दोन वर्षांनी लिहिलंस. कोयता घेतला आणि दारातली स्वतःची दोन्ही कलमं बुंध्यातून तोडली. कुणी येऊन पुन्हा बोट दाखवायला नको. ते खुंट.

यंत्र बंद झालंय. मला जावं लागेल, परत येऊन लिहितो.

आलो. याही भोकाला पाणी नाही.

मी बारावी नापास झालो आणि सत्त्याण्णवमध्ये घर सोडलं, ते तुला माहीत आहे. लोक म्हणतात ह्याच्या पायाला भिंगरी. मीही तेच सांगतो, ऐकायला बरं वाटतं. अठ्ठ्याण्णवमध्ये आपल्याकडे रेल्वे सुरू झाली तेव्हा मी त्या गाड्यांमध्ये चहा विकायचो, पनवेल ते मडगाव, मडगाव ते पनवेल. रत्नागिरीवरून किती वेळा गेलो त्याचा हिशोब नाही. मडगावकडून येताना, गाडी स्टेशनात शिरायच्या आधी दोन मिनिटं डाव्या हाताला आमचा कातळ दिसतो. मी किटली खाली ठेवून दारात उभा राहायचो. पहिल्या वर्षी झाडं कमरेएवढी दिसायची, मग पुरुषभर. एकोणतीस एका रंगाची आणि गडग्याजवळची अकरा जास्त उंच, जास्त हिरवी. रायवळ जोमाने वाढतं ना. लांबून बघणाऱ्याला तीच चांगली वाटावीत. गाडी थांबायची, मी प्लॅटफॉर्मवर उतरायचो, चहा चहा ओरडायचो, ओळखीचं कुणी दिसलं तर खांबाआड व्हायचो आणि गाडी सुटताना चढायचो. स्टेशनाच्या जिन्यापलीकडे एकदाही गेलो नाही. एकदा आप्पा दिसले. बहुतेक कुणाला तरी सोडायला आले होते. बाकावर बसून घड्याळाला किल्ली देत होते. मी दोन डबे सोडून उभा होतो, आणि किटली भरलेली असून ओरडलो नाही. ती नोकरी त्या दिवशी सोडली.

आता सांगतो. इतकी वळणं घेतली, आता रस्ता संपला.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात, रावजी यायच्या आधी, तू आणि काका दहा दिवस गावी गेला होतात, पावसाआधी घर शाकारायला. जायच्या आदल्या दिवशी काकांनी मला बागेत फिरवलं. कलम म्हणजे खाली रायवळचं खोड, वर हापूसची काडी, आणि जोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली. जोड पक्का झाला की पट्टी कापायची, नाहीतर ती गळ्याशी आवळते. जोडाखाली रायवळचा फुटवा आला की खुडायचा, नाहीतर तोच सगळं पाणी पितो आणि वरचा हापूस मरतो. एकोणतीस पट्ट्या त्यांनी कापल्या होत्या. गडग्याजवळच्या अकरा राहिल्या होत्या. म्हणाले, "तेवढ्या तू काप, शारदू. आणि एक दिवसाआड दोन-दोन कळशी. जास्ती काय नाय." मी हो म्हटलं. आईकडून शिधा घेतला, बागेतच झोपतो म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी पाणी घातलं, हे देवाशपथ. दुसऱ्या दिवशी खालच्या रस्त्यावर आंब्याच्या पेट्या भरलेला ट्रक पंक्चर होऊन उभा होता. केरू नावाचा ड्रायव्हर. मी जॅक धरायला गेलो. तो म्हणाला, घाट बघितलास का कधी? मी म्हटलं नाही. म्हणाला, बस, उद्या संध्याकाळी आणून सोडतो.

कोल्हापूरला पेट्या उतरल्या. मग त्याला सांगलीचा माल मिळाला, मग विजापूरचा. मी रोज म्हणायचो उद्या परत. विजापूरला गोलघुमटात वर चढून मी माझंच नाव मोठ्याने ओरडलो आणि ते सात वेळा परत आलं. मला इतकं बरं यापूर्वी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही. तो आनंद मी आठ वर्षं शोधत फिरतोय आणि त्याची किंमत तुमच्या घराने मोजली. बघ, इथे अकरा झाडं मरत होती आणि तिथे मी आपलं नाव ऐकत होतो.

नवव्या दिवशी परत आलो. एकोणतीस झाडं पानं गाळून का होईना पण जिवंत होती. गडग्याजवळची अकरा जोडाच्या वर वाळून काटकी झाली होती. आणि जोडाखालून लालसर कोवळे फुटवे, वीतवीत, कसे तरारलेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही येणार होतात. मी सुरी घेतली आणि अकराही वाळके शेंडे जोडाच्या वर तिरपे कापले. कापाला शेण आणि माती लावली, बुंध्याशी मातीची भर घातली, जोड दिसू नये इतकी. फुटवे काठीला सरळ बांधले. शेंडे गडग्याच्या फटीत कोंबले. लांबून बघितलं तर हिरवी कलमं. मला वाटलं, झालं.

काका आले, हातपाय धुतले आणि बागेत गेले. पहिल्याच झाडाचं पान चुरडलं. अकराव्यापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं आता मारतील. ते गडग्यावर बसले, बिडी काढली, पेटवली नाही. म्हणाले, "शारदू, पावसात पाचर मारून परत कलम बांधू. हापूसची काडी आनीन कुठनं तरी. एक वरीस मागं पडंल, बाकी काय नाय. कुनाला सांगू नको." तू तेव्हा खोपीत चूल पेटवत होतीस. धूर येत होता.

कुनाला सांगू नको. तीन शब्द. पाचर मारायला काडी मिळायच्या आधी रावजी आले. आणि त्या दिवशी दारात ट्रे घेऊन उभा असताना मी मनात म्हणत होतो, काका सांगतील, आत्ता सांगतील, त्यांनी नाव घेतलं की मी हो म्हणेन. आप्पांच्या माराची भीती नव्हती, त्यांनी आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाही. मला फक्त पहिल्यांदा बोलायचं नव्हतं. आणि काका मला वाटतं थांबले होते की पोरगा स्वतःहून बोलेल. म्हणजे मला दिलेला शब्द मोडायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. आम्ही दोघे एकमेकांसाठी थांबलो, आणि चहा निवला.

त्यानंतर मी प्रत्येक गावात हेच मनाशी म्हणत आलो. त्यांनीच सांगितलं होतं ना, सांगू नको. आणि कधीतरी ते माझं नाव घेतीलच. आईच्या प्रत्येक कार्डात मी तेच शोधायचो, भागोजी आला होता का, काही बोलला का. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं की आता ते माझं नाव घेणार नाहीत. घेऊच शकणार नाहीत. आता त्या गोष्टीला जगात एकच तोंड उरलंय, ते माझं.

आणि पुरावा आहे, राही. म्हणून पंधरा तारखेची घाई. आप्पांचं आणि रावजींचं म्हणणं असं की भागोजीने खरी कलमं उपटून नेली आणि जागी रायवळची रोपं लावली. रोप असेल तर त्याला जोड नसतो. पट्टीही नसते. रोपाला पट्टी कोण बांधील? ह्या अकरांच्या बुंध्याशी माती बाजूला केली तर जमिनीपासून वीतभरावर खोड एका बाजूला वाकलेलं दिसेल, तिथे गाठ असेल, आणि गाठीत माझा तिरपा काप. कोयत्याच्या टोकाने साल हलकेच खरवडायची. आत पट्टी असेल. ती मी कापली नव्हती, आणि प्लॅस्टिक कुजत नाही. सालीने गिळली असेल, पण आहे. अकराही झाडांत आहे. तीच पट्टी काकांनी मला कापायला सांगितली होती. मुद्देमाल म्हणून आप्पांनी आठ वर्षं जो जपला, तो काकांच्या बाजूचा आहे, हे त्यांना माहीतच नाही. आणि पंधरा तारखेला तो तोडून लाकडाच्या वखारीत जाणार.

तुझ्यासाठी काहीतरी आणावं असं फार वाटत होतं. काकांसाठी हापूसची दोन कलमं आणीन म्हणत होतो, दारात लावायला. मग वाटलं, हात रिकामेच असू देत. त्यांना बोलता येत नाही, माझ्यावर थुंकावंसं वाटलं तर तेवढं तरी करता येईल, त्यात कलमांची अडचण नको. आणि तुझ्याकडे मी माफी मागत नाही. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तुझी नववी, ते असुर्ड्याचे पाहुणे, कंपासपेटीचं न लागणारं झाकण, ह्याला उत्तर नाही.

आता नंबर कशाला ते. कोल्हापूरच्या एसटीने मी याआधीही आलोय, राही. दोन वर्षांपूर्वी. असंच सगळं ठरवून, इस्त्रीचा शर्ट घालून. हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, तिथून रत्नागिरी अर्ध्या तासावर. मीही उतरलो. समोर गोव्याकडे जाणारा ट्रक उभा होता. क्लीनर म्हणाला, येतोस? मग गोव्यातूनच मी तुला कार्ड टाकलं होतं, फोंड्याचं देऊळ असलेलं, इथे हवा छान आहे म्हणून. त्याआधी एकदा पालीपर्यंत आलो होतो. म्हणून मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही आणि तूही ठेवू नकोस. हे पत्र मी येणार म्हणून लिहिलेलं नाही. मी आलो नाही तर काय, म्हणून लिहिलंय. आप्पा तोंडी बोलणं मानत नाहीत, बत्तीस वर्षं कागद बघितलेत त्यांनी. त्यांना लेखी लागतं, पानांवर नंबर लागतो, खाली पूर्ण नाव लागतं. अकराची एसटी आली आणि तिच्यातून मी उतरलो नाही, तर दीडची बघ. ती बघून झाली की थांबू नकोस, आमच्या घरासाठी तू फार थांबलीस. मांडवीला जा आणि हे पत्र आप्पांच्या हातात दे, आईच्या नको, आई रडत बसेल आणि पंधरा तारीख उलटून जाईल. त्यांना म्हण, एका झाडाची माती उकरून बघा, मग तोडा. पान तीन काढून ठेवावंसं वाटेल तुला. काढू नकोस. मधलं पान कुठे म्हणून ते विचारतील आणि मग बाकीच्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत. वाचू देत. तेही खरंच आहे.

इथे 'तुझाच' लिहिलं होतं, ते खोडलंय. जो तिठ्यावर उतरतो त्याने तसं लिहू नये. शनिवारी अकराला रसाच्या गाडीपाशी मी दिसलो तर तो शब्द तेव्हा तोंडाने म्हणेन. तोवर आप्पांना चालेल असं नाव घालतो.

शार्दूल श्रीपती मुळ्ये
वय २४, राहणार मांडवी, रत्नागिरी
पाने एकूण नऊ. वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे.